भुताचे बोट कुणाकडे?

२२ फेब्रुवारी २०१६ ला रात्री साडेदहा वाजता झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही गूढ मालिका सुरू झाली आणि महाराष्ट्रात दोन तट पडले. कोकणातून ओरड झाली की आमचा मुलूख म्हणजे भुताखेतांचे आगर, असा डांगोरा पिटला जातो आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून विचारणा झाली की जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यात रोज रात्री घराघरांत ही भीती कशाला वाढायची? प्रेक्षकांनी मात्र सिंधुदुर्गातल्या आकेरीचा तो वाडा, नाईकांचे कुटुंब, पांडूचे विसरणे आणि मालवणी संवाद डोक्यावर घेतले. २०१९ मध्ये दुसरे पर्व आले, २०२१ मध्ये तिसरे. वाद जिथे होता तिथेच राहिला. भूत दाखवावे की दाखवू नये, या प्रश्नावर जो तो आपली बाजू धरून बसला. हा प्रश्नच नेमका आहे का, हे तपासायचे राहून गेले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत बसून हा वाद घातला तर त्याला वेगळी धार येते. इथे आयुध निर्माणीच्या वसाहतीत देशभरातून आलेली कुटुंबे आहेत, माजरीकडे कोळशाच्या खाणी आहेत, गावात भद्रनागाचे मंदिर आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर आहे, टेकडीत विजासनची बौद्ध लेणी आहेत. अंगात आलेल्यापुढे हात जोडणारा आणि त्याच्याकडे पाहून हसणारा एकाच गल्लीत राहतात, एकाच वेळी टीव्ही लावतात. आणि याच जिल्ह्यात, राजुऱ्याच्या पलीकडे माणिकगडच्या पहाडावर, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात खांबाला बांधून मारण्यात आले. त्यांत म्हाताऱ्या बायका होत्या. मार खाणारी कुटुंबे दलित होती. भुताच्या गोष्टीची करमणूक आणि भुताच्या नावाने होणारा छळ यांत इथे एका जिल्ह्याचेही अंतर नाही. म्हणून या वादाच्या दोन बाजू पुढे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. माणसे कल्पित आहेत, मते मात्र रोज ऐकू येणारी. एक आहेत चळवळीत हयात घालवलेले निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात. दुसरे झाडीपट्टी रंगभूमीसाठी नाटके लिहिणारे, सगळ्यांचे भाऊ.

गुरुजी : भाऊ, माझे म्हणणे साधे आहे. आपल्या देशात केबल टीव्हीचे नियम १९९४ पासून आहेत आणि त्यांतला सहावा नियम सांगतो की अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा कार्यक्रम दाखवता येणार नाही. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर आठवडाभरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. विदर्भात तर श्याम मानवांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम १९८२ पासून चालू आहे. एवढे सगळे झाल्यावर वाहिनी काय करते? सुरुवातीला दोन ओळींची पाटी लावते की आमचा अंधश्रद्धा पसरवण्याचा हेतू नाही, आणि मग अर्धा तास तेच दाखवते. दिवा विझतो, पायरव ऐकू येतो, विहिरीकडे कॅमेरा वळतो, घरातली बाई किंचाळते. या सगळ्याचा उलगडा कधी होणार? शेवटच्या आठवड्यात. तोवर आठ महिने गेलेले असतात. ज्याने मधले पन्नास भाग पाहिले आणि शेवट पाहिला नाही, त्याच्या पदरात फक्त भीती पडली. औषध आठ महिन्यांनी देणार असाल तर दुखणे आज देऊ नका, एवढीच माझी मागणी आहे.

भाऊ : गुरुजी, तुमचा राग मला कळतो, पण तो चुकीच्या दारावर आपटतो आहे. भानामती टीव्हीच्या आधीची आहे, रेडिओच्याही आधीची. वणी खुर्दला ज्यांनी माणसे बांधली, त्यांना कुण्या मालिकेने दोर दिला नव्हता. दुसरे सांगतो, प्रेक्षकाला तुम्ही फार लेचापेचा समजता. आमच्याकडे दिवाळी सरली की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी मंडप पडतात. वडशाहून नाटक मंडळ्या निघतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि लोक पहाटेपर्यंत जागेवरून हलत नाहीत. खलनायकाला शिव्यांची लाखोली वाहतात, आणि तोच नट सकाळी चहाच्या टपरीवर भेटला की त्याच्या पाठीवर थाप मारतात. नाटक कुठे संपते हे झाडीपट्टीतल्या माणसाला शिकवावे लागत नाही. तो घाबरायला येतो, हसायला येतो, रडायला येतो, आणि शहाणा होऊन नाही तर निदान मोकळा होऊन घरी जातो. नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचून मराठीतल्या दोन पिढ्या रात्री पांघरुणात शिरल्या. त्यांतले किती जण मांत्रिकाकडे गेले? रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या, त्यांवर ‘गहिरे पाणी’ मालिका निघाली, आणि त्याच मतकरींनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. गूढ लिहिणारा माणूस समाजाचे वाटोळे करायला निघालेला असतो असे थोडेच आहे?

गुरुजी : धारप-मतकरींची पुस्तके विकत घेऊन वाचावी लागत होती. वाचणाऱ्याला माहीत होते की आपण काय वाचतो आहोत. टीव्ही न बोलावता घरात येतो, आणि जेवणाच्या ताटासमोर येतो. शिवाय भीतीचे मूळ इथे वेगळे आहे. मुंबईत सदनिकेत बसून विहिरीतल्या भुताची मौज वाटणे सोपे. आमच्या बाजूला लेकरू तापाने फणफणले की आधी कुणाची नजर लागली याची चौकशी होते. उपकेंद्रातली नर्स भेटेपर्यंत मांत्रिकाचे दोन फेरे होतात. अशा घरात तुमची मालिका ‘काहीतरी असते बरे का’ एवढेच वाक्य पेरून जाते. तेवढे पुरते.

भाऊ : नाही जी, इथेच तुमचे-माझे बिनसते. या जंगलातल्या माणसाचे मृतांशी नाते फक्त भीतीचे नाही. ताडोबाचे नाव कशावरून पडले? तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी तलावाकाठी झाडाखाली त्याचे ठाणे केले, अशी इथली परंपरा सांगते. मेलेला माणूस राखण करतो, ही त्यामागची समजूत. आजही या जिल्ह्यात मोहफूल वेचायला, तेंदूपाने तोडायला गेलेली माणसे वाघाच्या तोंडी जातात. अशा ठिकाणी अदृश्याची गोष्ट सांगणे हा दुःख पेलण्याचा एक मार्ग असतो. तिला अंधश्रद्धेच्या एकाच गाठोड्यात कोंबू नका. आणि भुताच्या गोष्टीत पुष्कळदा न्यायाची मागणी असते. ज्याला जिवंतपणी पाटलाच्या वाड्यात दाद मिळाली नाही, तो मेल्यावर परत येतो. ‘रात्रीस खेळ चाले’चे दुसरे पर्व पाहा. अण्णा नाईकांनी जमिनी लाटल्या, खून पाडले, बायकोला धाकात ठेवले, शेवंतेला नादी लावले. शेवटी मारलेली माणसे त्यांची पाठ सोडत नाहीत. यात गरिबाच्या मनातली जुनी आस आहे की माजलेल्या माणसाला कुठेतरी हिशेब द्यावा लागेल. माधव अभ्यंकरांचा अण्णा लोकांनी नुसता भिऊन पाहिला नाही, ओळखून पाहिला.

गुरुजी : ओळखून पाहिला हे मान्य. पण लोकांनी त्याचे विनोदही केले, त्याला लाडका केला. ते असो. मला तुमच्या ‘न्यायाच्या’ गोष्टीत एक खोट दिसते. अण्णांसारखा खलपुरुष दुसऱ्या पर्वात उघड झाला. पहिल्या पर्वात काय होते? घरात विपरीत घडते आहे आणि कोण करते आहे ते कळत नाही. मग लेखकाने काय केले? संशय फिरवला. आज या माणसावर, उद्या त्या बाईवर. गूढकथेचे पोट संशयावर चालते, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. म्हणजे रोज रात्री प्रेक्षकाला एकच व्यायाम दिला जातो: घरात वाईट झाले, आता सांगा कुणी केले असेल? कोण अपरात्री परसात दिसले? कोण पुटपुटत होते? कोण एकटे राहते? भाऊ, वणी खुर्दला नेमका हाच व्यायाम झाला. तिथे कुणी दिग्दर्शक नव्हता, एवढाच फरक.

भाऊ : हा घाव वर्मी लागला, पण अर्धाच. संशय फिरवणे हे गूढकथेचे बलस्थान आहे, कारण तो फिरतो. आज ज्याच्यावर संशय घेतला तो उद्या निर्दोष ठरतो आणि प्रेक्षकाला कळते की आपण किती घाईने निकाल दिला. चांगली गूढकथा माणसाला आपल्याच तर्कावर शंका घ्यायला लावते. गावातला संशय फिरत नाही. तो एका म्हातारीपाशी जातो आणि तिथेच बसतो. आणि तुम्ही म्हणता तसा उलगडा लांबत असेल, तर दोष भुताचा नाही, लांबीचा आहे. १९९० मध्ये अमेरिकेत ‘ट्विन पीक्स’ नावाची मालिका आली. जंगलाच्या कुशीतले गाव, लाकडाची गिरणी, नदीकाठी सापडलेला मुलीचा मृतदेह. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट या तिच्या कर्त्यांना खुनी कोण हे सांगायची घाई नव्हती. वाहिनीने तगादा लावला, दुसऱ्या पर्वाच्या मध्यावर नाव सांगावे लागले, मग प्रेक्षक पांगले आणि १९९१ मध्ये मालिका बंद झाली. २०१७ मध्ये ती परतली ती अठरा भागांपुरतीच. मर्यादित भागांच्या मालिकेचा फायदा हाच. आपल्याकडे २०२० मध्ये आलेल्या ‘समांतर’च्या पहिल्या पर्वाचे नऊ भाग होते. सुहास शिरवळकरांची कादंबरी, सतीश राजवाडे यांचे दिग्दर्शन, स्वप्नील जोशी. सुरुवात कुठे, शेवट कुठे हे ठरलेले. दिवा मुद्दाम विझवत बसायला वेळच नाही.

गुरुजी : आणि त्या ‘समांतर’मध्ये हात पाहणारा ज्योतिषी खरा ठरतो! कुमार महाजनच्या हातावरच्या रेषा त्याने पूर्वी दुसऱ्या माणसाच्या हातावर पाहिल्या आहेत, तो माणूस जे जगला तेच कुमार जगणार, आणि घडतेही तसेच. भूत नाही, किंकाळी नाही, पण हस्तसामुद्रिकाला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते? आणि ती मोबाइलवर पाहायची, त्यामुळे केबलचा नियमही तिला लागू होत नाही. लांबी कमी केली म्हणजे दोष कमी झाला, हे मला पटत नाही.

इथे दोघांचे बोलणे थांबवून हिशेब मांडायला हवा, कारण दोघेही एकमेकांच्या नकळत एकाच जागी येऊन पोहोचले आहेत. गुरुजींनी सुरुवात भुतापासून केली आणि शेवटी ते संशयावर आले. भाऊंनी सुरुवात प्रेक्षकाच्या शहाणपणापासून केली आणि तेही संशयावरच आले: फिरणारा संशय आणि बसलेला संशय. वादाचा खरा सांधा इथे आहे. मालिकेत भूत आहे की नाही, शेवटी वैज्ञानिक उलगडा झाला की नाही, भाग नऊ की दोनशे, हे सगळे दुय्यम प्रश्न आहेत. पहिला प्रश्न असा की ती गोष्ट आपले बोट कुणाकडे रोखते आणि कशाच्या आधारावर रोखते. अदृश्य शक्ती जर वाड्यातल्या बलवान माणसाचा हिशेब मागत असेल, तर त्या गोष्टीतले भूत शंभर टक्के खरे दाखवले तरी कुणा निर्बलाचे त्यात नुकसान नाही. उलट शेवटच्या भागात पोलीस येऊन सगळ्याचा तर्कशुद्ध खुलासा करत असतील, पण तोवर महिनोन्महिने परसातल्या एकट्या बाईकडे, मोलकऱ्याकडे, वेडसर म्हाताऱ्याकडे कॅमेरा रोखून प्रेक्षकाला ‘हीच असणार, हाच असणार’ असे म्हणायला शिकवले असेल, तर तो खुलासा कागदावरचा आहे. भीतीने माणूस दिवा लावून झोपतो. संशयाने तो शेजाऱ्याच्या दारावर जातो. दोहोंतला दुसरा परिणाम तपासायचा आहे.

या कसोटीवर वरची उदाहरणे घासून पाहिली तर निकाल दोघांच्याही अपेक्षेपेक्षा वेगळा लागतो. ‘रात्रीस खेळ चाले’च्या तीन पर्वांत बुद्धिवाद्यांना सगळ्यांत आक्षेपार्ह वाटावे असे तिसरे पर्व, कारण त्यात अण्णा आणि शेवंता यांची भुते उघडपणे वावरतात. पण दोष ज्याचा त्याच्याच माथी मारणारे तेच पर्व आहे. भूत म्हणून जो छळतो तो जिवंतपणीही छळतच होता. पहिल्या पर्वाचा बचाव अनेकदा असा केला जातो की त्यात विज्ञानाची भाषा बोलणारी नीलिमा होती, पोलीस तपास होता, म्हणून ते संतुलित होते. संतुलन पात्रांच्या यादीवरून ठरत नाही. संशयाचे वजन कुणाच्या अंगावर किती दिवस ठेवले यावरून ते ठरते, आणि त्या हिशेबाने पहिले पर्व अधिक धोक्याचे होते. ‘समांतर’बद्दल गुरुजींचा आक्षेप खरा आहे, भविष्य अचूक असते हे तिथे गृहीतच धरले आहे. तरी त्या गोष्टीत कुमारचा संसार खिळखिळा होतो तो रेषांनी होत नाही. ज्याच्या हातावर त्याच रेषा होत्या त्या चक्रपाणीची डायरी वाचून तो येणाऱ्या प्रत्येक बाईकडे, प्रत्येक योगायोगाकडे संशयाने पाहू लागतो, बायकोपासून गोष्टी लपवू लागतो. लिहिलेले खरे मानून माणूस स्वतःच ते कसे ओढवून घेतो, हे त्या मालिकेत पाहणाऱ्याला दिसते. तिचे बोट नायकाकडेच आहे. आणि भाऊंनी सांगितलेल्या ‘ट्विन पीक्स’मध्ये तर दुष्ट आत्मा खराच आहे, पण तो शिरतो कुणाच्या अंगात? गावच्या प्रतिष्ठित वकिलाच्या, मुलीच्या जन्मदात्या बापाच्या. जंगलातल्या एकाकी बाईवर, लाकडाचा ओंडका उराशी धरून हिंडणाऱ्या विक्षिप्त स्त्रीवर संशय ढकलणे किती सोपे होते! कर्त्यांनी तिला साक्षीदार केले. बापाच्या पापाला आत्म्याची पळवाट मिळाली का, यावर तिथले प्रेक्षक पुष्कळ भांडले, आणि ते भांडण रास्त होते. पण कुठल्याही निर्बलावर बालंट आले नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की गोष्टीला अशी कसोटी लावणे म्हणजे लेखकाच्या हातात आचारसंहिता देणे. उद्या प्रत्येक खलनायिका दुबळ्या वर्गातली आहे का, याची तपासणी सुरू होईल. ही भीती खोटी नाही. पण कसोटी लावणे आणि बंदी घालणे यांत फरक आहे. इथे कुणाला कात्री देण्याचा प्रश्न नाही. केबल नियमांतली अंधश्रद्धेची तरतूद तीस वर्षे पुस्तकात आहे आणि तिच्यामुळे गूढ मालिका थांबल्या नाहीत, तशा त्या सुधारल्याही नाहीत, कारण ‘अंधश्रद्धा’ या मोघम शब्दात धारपांची कादंबरी आणि मांत्रिकाची जाहिरात दोन्ही सापडतात किंवा दोन्ही सुटतात. समीक्षेचे काम नियमाने होत नाही. मराठीत मालिकांची चर्चा आजही नटाचे काम, कथानकाचा वेग आणि शेवट पटला की नाही यांपुढे फारशी जात नाही. त्यात एका प्रश्नाची भर घातली तर लेखकाचे स्वातंत्र्य आकसत नाही, त्याच्याकडून अपेक्षा वाढते. दुबळी बाई खलनायिका दाखवायला कुणाची ना नसावी. ती खलनायिका ठरते कशावरून, हे मात्र दाखवावे लागेल. तिने केलेल्या कृत्यावरून, की तिच्या एकटेपणावरून?

दुसरा आक्षेप भाऊंचाच आहे आणि तो अधिक वजनदार आहे: वणी खुर्दच्या मारहाणीला मालिका कारण नव्हती. बरोबर आहे. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावी १ मे २०२४ ला जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला मारहाण करून जिवंत जाळले. तिथल्या माणसांनी साडेदहाची मालिका पाहून हे केले, असे कुणी शहाणा म्हणणार नाही. अशा ठिकाणी आधी माणूस किंवा जनावर आजारी पडते, मरते. कारण कळत नाही. दवाखाना लांब असतो. मग कुणाच्या अंगात आलेल्या देवीच्या तोंडून किंवा मांत्रिकाच्या तोंडून नाव येते, आणि ते नाव बहुतेक वेळा विधवेचे, भाऊबंदकीतल्या वैऱ्याचे, नाहीतर गावात ज्याच्या मागे कुणी नाही अशा माणसाचे असते. जमिनीचे जुने भांडण त्या नावामागे उभे असते. मूळ हे आहे, आणि त्यावर उपाय डॉक्टर, रस्ता, शाळा आणि पोलीस हाच आहे. मालिकेवर सगळे खापर फोडणे म्हणजे या चारही गोष्टींची जबाबदारी असलेल्यांना मोकळे सोडणे.

मग मालिकेचा संबंध येतो कुठे? तो मारणाऱ्याशी येत नाही, पाहणाऱ्याशी येतो. वणी खुर्दला माणसे रात्रीच्या अंधारात, रानात नेऊन मारली नाहीत. दिवसाउजेडी, चौकात मारली, आणि भोवती गाव होते. दोर आवळणारे हात थोडे होते. बाकीच्यांनी पाहिले. त्या पाहणाऱ्यांत, आणि बातमी वाचून ‘काहीतरी असल्याशिवाय लोक असे करत नाहीत’ म्हणणाऱ्या आपल्या शिकलेल्या वस्त्यांत, एक समजूत समान आहे: पुरावा नसला तरी नाव घेता येते. भद्रावतीच्या वसाहतीतला अभियंता, तहसील कचेरीतला कारकून, शाळेतली बाई, ठाण्यातला हवालदार, हे सगळे प्रेक्षक आहेत आणि यांच्यापैकीच कुणाला तरी उद्या अशा गावात पहिला फोन घ्यायचा आहे, पहिली फिर्याद लिहून घ्यायची आहे, वर्गात एखाद्या पोराच्या आजीला ‘करणीवाली’ म्हटले तर पहिला शब्द बोलायचा आहे. गूढ मालिकेने त्यांना भूत नसते हे शिकवावे, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. पण योगायोग म्हणजे पुरावा नव्हे, एवढी सवय चांगली गूढकथा लावू शकते, कारण तिचा सगळा खेळच त्यावर असतो. नायिका विहिरीवर गेली आणि मूल आजारी पडले, यांत ‘आणि’ आहे, ‘म्हणून’ नाही. हा भेद शंभर भाषणांनी जितका ठसत नाही, तितका एका नीट रचलेल्या कथेने ठसतो. वाईट गूढकथा नेमका हाच भेद पुसते. दोन दृश्ये एकामागोमाग लावते, खाली संगीत टाकते आणि ‘म्हणून’ प्रेक्षकाच्या मनात तयार करून मोकळी होते.

लांबीचा मुद्दाही इथेच आपल्या जागी बसतो. गुरुजी म्हणतात त्याप्रमाणे लांबी कमी केल्याने दोष आपोआप जात नाही, पण लांबी वाढवल्याने एक दोष हमखास येतो. रोजच्या मालिकेत लेखकाला उद्याच्या भागासाठी आज एक नवा संशयित लागतो, आणि टीआरपी घसरला की कालच्या संशयिताला निर्दोष ठरवायला वेळ उरत नाही. तो तसाच अर्धवट, डागाळलेला मागे पडतो. नऊ भागांच्या गोष्टीत लेखकाला प्रत्येकाचा हिशेब चुकता करता येतो. २०१८ मध्ये झी मराठीने धारपांच्या कादंबरीवरून केलेली ‘ग्रहण’ काही महिन्यांतच आटोपली. याच वाहिनीवर वर्षानुवर्षे ताणलेल्या कौटुंबिक मालिका पाहता हा आटोपशीरपणा गूढाला मानवतो, हे दिसतेच. गूढकथा ठरलेल्या भागांतच सांगावी, ही भाऊंची सूचना म्हणून स्वीकारण्याजोगी आहे. तिला गुरुजींची एक पुरवणी जोडावी: ज्या पात्रावर संशय घेतला, त्याचा निकाल त्या मालिकेतच लागला पाहिजे. भूत राहिले तरी चालेल, बालंट राहता कामा नये.

भाऊंचा शेवटचा प्रतिवाद असा असेल की प्रेक्षक एवढा विचार करत बसत नाही, त्याला दोन घटका करमणूक हवी असते. पण मालिका संपल्यावर घरोघर जी चर्चा होते ती ऐकली तर हे खरे वाटत नाही. अण्णांची बायको माई एवढे सोसूनही गप्प का राहिली, शेवंता दोषी की फसवली गेलेली, मूळ पाप अण्णांचे असताना भोगावे पोरांना का लागले, यावर बायाबापड्या तावातावाने बोलतात. म्हणजे दोष कुणाचा, या प्रश्नात प्रेक्षकाला मनापासून रस आहे. त्याला फक्त तोच प्रश्न एक पायरी पुढे नेऊन विचारायचा आहे: माझा संशय याच्यावर गेला, तो याने काही केलेले मी पाहिले म्हणून, की याचा चेहरा, जात, वय, एकटेपणा पाहून? पुढची गूढ मालिका लागेल तेव्हा हा प्रश्न घरात मोठ्याने विचारून पाहावा. उत्तर मालिकेबद्दल जेवढे सांगेल, त्याहून अधिक आपल्याबद्दल सांगेल.

भूत मानायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याला कायद्याची हरकत नाही. पण अमुक माणूस करणी करतो, जादूटोणा करतो, त्याच्यामुळे रोगराई आली असे म्हणून त्याचे जगणे मुश्किल करणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, हे सगळे महाराष्ट्रात २०१३ पासून दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हे आहेत. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि या कायद्याखाली दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षकाची नेमणूक होते. गावात कुणाचे नाव असे घेतले जाऊ लागले, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन कळवा.